नापाक म्हणून दगड?

"बाई, तुम्ही मुलांना चांगलं वळण लावता आणि स्वतःच्या दारात कुत्रा बांधता?" एका पालकाने हा सवाल मला शाळेच्या फाटकावर केला. चार मुलं ऐकत होती. तिथे मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी त्याच चौघांपैकी एकाच्या हातात दगड दिसला, समोर गल्लीतली कुत्री. म्हणून आता गप्प बसत नाही.

आमचा कुत्रा कॉकर स्पॅनियल. मुंबईच्या एका कुटुंबाला तो फ्लॅटमध्ये नकोसा झाला, म्हणून आमच्या कोकणातल्या घरी आला. पडवीत राहतो. नमाजची जागा आत, वेगळी. आम्ही शाफई, त्याने तोंड लावलेलं भांडं ७ वेळा धुतो, त्यात एकदा मातीने. तेव्हा पाकी-नापाकीचा धडा मला नको.

पण आक्षेपातला खरा भाग मी मान्य करते. हदीसमधली सवलत शिकारीच्या, गुरांच्या आणि शेताच्या कुत्र्याला आहे. हौसेच्या कुत्र्याला नाही. ठीक. मग पुढचं पाऊल टाका ना! अल-माइदा सूरहच्या ४थ्या आयतीत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावराचा उल्लेख आहे. अल्लाहचं नाव घेऊन सोडलेल्या अशा जनावराने धरून ठेवलेली शिकार हलाल आहे. म्हणजे फरक पडतो तो शिकवण्याने. पेशाने शिक्षिका असलेल्या मला ही गोष्ट कशी विसरता येईल?

स्पॅनियल ही जात झुडपातले पक्षी हुंगून उठवण्यासाठी वाढवली गेली. कॉकर हे नावच वुडकॉक पक्ष्यावरून आलं. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात १० कोटींहून जास्त. असं नाक सोफ्यावर फुकट घालवायचं आणि त्याने चप्पल फाडली की झोडायचं, हा जुलूम आहे. कुत्र्याचे फोटो मिरवणारे माझे सुशिक्षित मित्रही यातून सुटत नाहीत.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला काम दिलं. आधी पडवीत तीन खोकी, एकात लवंगेच्या वासाची चिंधी. नाक तिथे टेकलं की लगेच खाऊ. मग सकाळी दव असताना सड्यावर. गवत तुडवून एक चौकोन करायचा, तिथून सरळ वीस पावलं चालायचं, प्रत्येक ठशात उकडलेल्या कोंबडीचा कण, शेवटी मोठा वाटा. वारा पाठीमागून हवा, नाहीतर तो मान वर करून शेवटाचाच वास घेतो. छातीला पट्टा, लांब दोरी, मी मागे. चुकला तर थांबायचं; ओढायचं नाही, ओरडायचं नाही. दहा मिनिटांत बंद, त्याला अजून हवं असतानाच. वळणं आणि शिळा माग नंतर.

महिन्याभराने त्याने करवंदीच्या जाळीमागे लपलेल्या माझ्या धाकट्याला शोधून काढलं. उद्या कुणाचं लेकरू सड्यावर चुकलं, तर हे नाक ते मूल कोणत्या जमातीचं, असं विचारणार नाही.

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे गुनाह माफ झाले, हेही हदीसमध्येच आहे. भांडं धुवायला शिकवणाऱ्यांनो, ही गोष्टही मुलांना सांगा. तुम्ही सांगत नसाल, तर वर्गात मी सांगेन. फक्त त्यांच्या हातातला दगड आधी खाली ठेवायला लावा.