ट्रक की खानावळ?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पदवी मिळेपर्यंत एक गोष्ट निदान चार-पाच वेळा तरी ऐकावी लागते. २४ जानेवारी १८४८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, पाण्यावर चालणाऱ्या एका लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शल याला सोन्याचे कण सापडले. बातमी पसरली आणि हजारो माणसे घरदार सोडून तिकडे धावली. बहुतेकांच्या हाती माती लागली. परंतु सॅम ब्रॅनन नावाच्या व्यापाऱ्याने आधी फावडी, कुदळी आणि घमेली आपल्या दुकानात भरून घेतली, मग सोन्याची भुकटी बाटलीत घालून तो ‘सोने! सोने!’ असे ओरडत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांतून फिरला आणि बघता बघता गबर झाला. तात्पर्य : सोने खणू नका, फावडी विका. येथे टाळ्या पडतात आणि व्याख्यान संपते.

विद्यार्थी मित्रहो, टाळ्या मीही वाजवल्या आहेत. परंतु गेले काही महिने आमच्या घरात जो प्रश्न उभा आहे त्याकडे पाहताना हे तात्पर्य मला अर्धवट वाटू लागले आहे. माझे वडील फौंड्रीतून लवकरच निवृत्त होत आहेत. हाती येणाऱ्या रकमेतले दोन लाख रुपये माझ्या थोरल्या भावाच्या धंद्यासाठी बाजूला काढायचे ठरले आहे. दादाने डिप्लोमा केला आहे. त्याचे म्हणणे, हे पैसे भरून आणि बाकीचे कर्ज काढून एक टेंपो घ्यावा आणि नव्याने वाढणाऱ्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचा माल वाहावा. बेळगावच्या आसपास उद्यमबाग, मच्छे, होनगा अशा वसाहती आहेत; जिल्ह्यात हत्तरगीला तर विमानांचे सुटे भाग तयार होतात. तेव्हा दादाचे म्हणणे अगदीच वावगे आहे असे कोणी म्हणणार नाही. तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते येथे मांडण्याचे कारण असे की, हा प्रश्न एकट्या आमच्या घराचा नाही.

प्रथम फावड्याविषयी. फावडे ही वास्तविक कामगाराची गरज नव्हे, ती सोन्याची गरज आहे. सोने आहे तोवर फावडे खपते. सोने संपले की फावडे विकणारा आणि खणणारा दोघेही एकाच बाकावर येऊन बसतात. याच सॅन फ्रान्सिस्कोत १८५३ साली लेव्ही स्ट्रॉस नावाचा कापडाचा व्यापारी आला. तिकडे रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी न फाटणारी विजार मागितली, तेव्हा डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिव्हेटी ठोकल्या. पुढे १८७३ साली या दोघांनी मिळून त्या युक्तीचे पेटंट घेतले. त्या वेळी सोन्याचा पहिला ज्वर कधीच ओसरला होता. विजार मात्र टिकली. लाकूडतोड्या असो, गुराखी असो वा रेल्वेचा मजूर असो, खिसा प्रत्येकाचाच फाटत होता. सोन्यासाठी काढलेला धंदा आणि माणसासाठी काढलेला धंदा यांतला भेद मला या एका विजारीत दिसतो.

अमेरिका दूर राहिली. आपण घाट उतरून गोव्यात जाऊ. २००० नंतर चीनमध्ये पोलादाची मागणी वाढली आणि गोव्याच्या हलक्या प्रतीच्या लोहखनिजालाही भाव आला. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत ट्रकांची रांग लागली. तेथून मांडवी-झुवारीतून बार्जेस माल बंदरावर नेत. माझी आत्या डिचोली तालुक्यात दिलेली आहे. तिच्या यजमानांनी २०१० साली दागिने गहाण टाकून आणि कर्ज काढून ट्रक घेतला. पहिली दोन वर्षे हप्ते भरून हाती पैसे उरत. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि सगळे एकाएकी ठप्प झाले. पुढे काही काळ परवानगी मिळाली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चमध्ये पुन्हा काम बंद पडले. आत्याच्या अंगणात फणसाखाली उभा राहिलेला तो ट्रक मी लहानपणी खेळायला वापरला आहे. आम्हा मुलांना मौज वाटे. आत्याला काय वाटत असेल हे मला आता कळते. अखेर तो मोडीच्या भावाने गेला, हप्ते मात्र राहिले. बळ्ळारीतही जुलै २०११ मध्ये न्यायालयाने खाणकाम थांबवले, तेव्हा तिकडच्या ट्रकवाल्यांवर हीच पाळी आली.

खाणी बंद होणे योग्य की अयोग्य हा निराळा वाद आहे. डोंगर आणि पाणी यांचे जे नुकसान झाले तेही खोटे नाही. माझा मुद्दा एवढाच की, ट्रक हेच त्या खाणीचे फावडे होते. त्याला दुसरे काम माहीत नव्हते आणि एकाच रस्त्यावर शेकडो ट्रक असल्यामुळे विकायला काढला तरी गिऱ्हाईक नव्हते.

आता दुसरी बाजू. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांना दोन वेळचे जेवण घालण्याचे काम खानावळवाल्या बायकांनी केले. या बायकांकडे भांडवल म्हणजे चूल, परात आणि दोन हात. किराणा उधारीने आणायचा, कामगाराचा पगार झाला की पैसे घ्यायचे आणि मधल्या काळात सावकाराचे व्याज भरायचे. १९७५ साली गोवा मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या घरी जाणारे पैसे घरात राहू लागले.

कोणी म्हणेल, १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा खानावळींचे काय झाले? खरे आहे. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि खानावळींची उधारी बुडाली. कामगाराच्या आधाराने चालणारा धंदा कामगाराबरोबर बुडतोच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परात आणि तवा गिरणीच्या दारात गंजत पडत नाहीत. तेच हात कचेऱ्यांचे डबे करू शकतात, लग्नकार्याचे जेवण करू शकतात. ट्रक मालकाला बुडवताना त्याचे घरही ओढून नेतो. खानावळ बुडाली तरी पुन्हा चूल मांडता येते.

म्हणून मी धंद्याला तीन कसोट्या लावतो. हा धंदा मालाची गरज भागवतो की माणसाची? आज कारखाना बंद पडला तर यातले किती सामान दुसरीकडे उपयोगी पडेल? आणि कर्जाचा हप्ता न भरता आपण किती महिने तग धरू? दादाचा टेंपो पहिल्या कसोटीत नापास होतो, दुसऱ्यात काठावर पास होतो आणि तिसऱ्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.

खानावळ म्हणजे सुखाचा संसार असेही मी म्हणणार नाही. थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, दोन वेळच्या जेवणाचे महिना ३,००० रुपये देणारे ४० कामगार मिळाले. जमा १,२०,००० रुपये. धान्य, भाजी, तेल यांना ७८,०००, खोलीभाडे ८,०००, गॅस ९,०००, मदतनीस बाईला १०,०००. उरले १५,०००. आता या ४० जणांपैकी केवळ ५ जण महिनाअखेर पैसे न देता गाव सोडून गेले, तर बरोबर १५,००० रुपये गेले. म्हणजे सबंध महिना फुकट राबणे झाले. या धंद्याचे मर्म चवीत जेवढे आहे तेवढेच उधारीच्या वहीत आहे. बेभरवशाच्या गिऱ्हाइकाकडून आठवड्याचे पैसे आगाऊ घ्यावेत आणि पगाराची तारीख कोणाची कोणती हे तोंडपाठ असावे. आमच्या गल्लीतल्या एक मावशी उद्यमबागेजवळ खानावळ चालवतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत त्यांची खोली तीन महिने बंद होती. त्या एवढेच म्हणाल्या, “देणं फक्त भाड्याचं होतं रे, म्हणून जगले.”

मावशींच्या सांगण्यावरून मी सलग तीन दिवस पहाटे वसाहतीच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. जे पाहिले ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात नव्हते. सकाळी सातला रात्रपाळी सुटते. आपल्या दृष्टीने ती नाष्ट्याची वेळ. पण रात्रभर भट्टीपाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने ती जेवणाची वेळ असते. त्याला भाकरी-भाजी किंवा वरण-भात हवा असतो, जेवून झोपायचे असते. आणि त्या वेळी टपऱ्यांवर चहा, भजी आणि पाव याखेरीज काही नसते. तेलकट खाऊन तो झोपतो आणि दुपारी उपाशी उठतो. शिवाय आता कामगार केवळ खानापूर-चंदगडचा राहिलेला नाही. बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशचाही आहे. एकाला भाकरी हवी, दुसऱ्याला भात, तिसऱ्याला पोळी. सकाळी सातला गरम जेवण देणारी एक खिडकी, एवढाच धंदा मला तेथे दिसला. त्याला दोन लाखही लागत नाहीत. कमी पडलेच तर मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज आहे. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या दिवशीच करावी.

बेळगावच्या तरुणाकडे आणखी एक भांडवल आहे, त्याला कोणी भांडवल समजत नाही. आपण घरात मराठी, बाजारात कन्नड आणि स्टेशनवर हिंदी बोलतो. परगावाहून आलेल्या एकट्या माणसाला त्याच्या भाषेत ‘जेवलास का?’ असे विचारणारा दुकानदार तो सहसा सोडत नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनाही ‘खानावळी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भुकेच्या बाबतीत या शहराची भाषा एकच आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कामगाराची गरज पाहा असे म्हटले की, कोणी दारूचे दुकान, मटका आणि शेकडा दहाचे व्याज यांकडेही बोट दाखवील. पगाराच्या दिवशी त्या दारांपुढे गर्दी असते, यात शंका नाही. परंतु गिऱ्हाईक दरमहा दुबळे करून सोडणारा धंदा हा अखेर आपल्याच गिऱ्हाइकाला खातो. जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो आणि पुन्हा जेवायला येतो. नीतीचे राहू द्या, नुसत्या हिशेबानेही दुसरा धंदा बरा.

राहता राहिली लाज. खरी अडचण तीच आहे. टेंपोवर नाव रंगवता येते, लग्नाच्या बैठकीत ‘ट्रान्सपोर्टचा व्यवसाय’ असे सांगता येते. ‘मुलगा डबे देतो’ हे सांगताना आईचा आवाज खाली येतो. पण याच आईने वडिलांच्या पाळीप्रमाणे तीस वर्षे पहाटे, दुपारी आणि रात्री डबा भरला. त्या डब्याच्या जोरावर आम्ही दोघे शिकलो. घरात जे काम मानाचे होते ते वसाहतीच्या रस्त्यावर कमीपणाचे का व्हावे, याचे उत्तर मला मिळालेले नाही. आपल्या प्राध्यापकांना मिळाले असल्यास त्यांनी वर्गात जरूर सांगावे.

दादाने अजून होकार दिलेला नाही. टेंपोचे दरपत्रक कपाटावर आहे आणि मी केलेला हिशेबाचा कागद त्याच्याशेजारी आहे. फक्त एक तडजोड झाली आहे. येत्या सोमवारी पहाटे पावणेसातला, कोणतीही सही करण्यापूर्वी, तो माझ्याबरोबर रात्रपाळी सुटताना पाहायला येणार आहे.