आधी हात, मग यंत्र

आपले वादन ध्वनिमुद्रित करू इच्छिणारा तरुण आधी महागड्या मायक्रोफोनची चौकशी करतो. मला हा क्रम उलटा वाटतो.

झाशीजवळच्या दतिया दरबारी एकोणिसाव्या शतकात कुदऊसिंहांचा पखवाज गाजला. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली. तोवर त्यांची विद्या शिष्यांच्या हातांतूनच टिकली. बालगंधर्वांना साथ करणाऱ्या अहमदजान थिरकवांच्या जुन्या तबकड्यांत खरखर आहे, तरी तबल्याचे बोल स्वच्छ ओळखू येतात.

चांगले यंत्र निरुपयोगी नव्हे. परंतु पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक नीट लागली नसेल, हाताला रियाज नसेल, तर उत्तम यंत्र ती उणीवच अधिक स्पष्ट ऐकवते. म्हणून आधी हात घडवावा, मग यंत्र घ्यावे.