आडनावावरून जात मोजणाऱ्यांनो, एकदा शिंदे घाटावर या

वाराणसीत मणिकर्णिकेला लागूनच शिंदे घाट आहे. नावाड्याने नाव विचारलं. मी आडनावासकट सांगितलं, तर तो वल्हं थांबवून म्हणाला, ''सिंधिया? ग्वालियरवाले?'' मी नाही म्हणालो. पुढचा प्रश्न लगेच आला. ''फिर कौन जात?''

नावाडी अडाणी नव्हता. आडनावाने काम भागत नाही हे त्याला दोन प्रश्नांत कळलं. आपल्या सरकारी आयोगाला मात्र ते कळलं नव्हतं.

हा घाट 1830 च्या सुमारास ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी बांधवला. बांधकाम इतकं जड झालं, की ते खचून गंगेत उतरलं. आजही पायथ्याचं रत्नेश्वर मंदिर कललेलं, अर्धं पाण्यात दिसतं. हे घराणं मूळ साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. राणोजी शिंदे पेशव्यांचे जोडे सांभाळायचे, ही गोष्ट माल्कम या इंग्रजाने लिहून ठेवली आहे. खरी असो की रचलेली, सत्ता आल्यावर शिंद्यांचे 'सिंधिया' झाले आणि ते नाव दुर्मिळ, राजेशाही ठरलं. गावातले शिंदे शिंदेच राहिले.

कोण कोण शिंदे? 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 मध्ये लिहिणाऱ्या ताराबाई. 1906 मध्ये अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढणारे विठ्ठल रामजी, जन्माने मराठा. भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी एकाच गळ्याने गाणारे प्रल्हाद शिंदे. दलित समाजातून मुख्यमंत्री झालेले सुशीलकुमार. आणि आम्ही, पूर्वाश्रमीचे महार, आता बौद्ध. जाधव, पवार, गायकवाड, मोरे यांचंही तसंच. आडनाव एक, पाणवठे वेगळे.

तरी 2022 मध्ये बांठिया आयोगाच्या कामात ओबीसी ओळखायला आडनावांचा आधार घेतला गेला. ओरड झाली. छगन भुजबळांनीही आक्षेप घेतला. जुलैमध्ये अहवाल आला, त्यात ओबीसी 37 टक्के. तेव्हा मुख्यमंत्र्यांचं आडनाव शिंदेच होतं, हा आणखी एक विनोद. पण त्या अहवालावर स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या जागा ठरणार होत्या. एखाद्या गल्लीतला माळी शिंदे मराठा धरला गेला, तर त्याच्या वॉर्डाचं आरक्षण कुणाच्या घरी जातं, हे सांगायला पदवी लागत नाही.

सरकारला हा धोका ठाऊक नव्हता असंही नाही. 2011 च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीत 46 लाखांहून अधिक 'जाती' निघाल्या, असं केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. 1931 च्या जनगणनेत त्या 4147 होत्या. ऐंशी वर्षांत जाती हजारपट वाढल्या का? लोकांनी जातीच्या जागी आडनावं, गोत्रं, कुळं सांगितली आणि प्रगणकांनी ती तशीच टिपली. आधी नीट यादी द्यायची नाही, मग आकडे सदोष म्हणून दडपायचे. ही चूक कुणाच्या सोयीची होती?

बरं, आडनावाला वजन कोण देतं? 1674 च्या राज्याभिषेकाला याच काशीचे गागाभट्ट आले. स्वराज्य उभं करणाऱ्यालाही आपलं भोसले कूळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडलेलं दाखवावं लागलं. राजाची ही गत, तर आपली काय कथा!

आता 2027 च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे. आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर. फॉर्म आपल्याच हातात येतो, आणि बरेचदा शेजारच्या चार घरांचाही. तेव्हा आडनाव नको, 'हिंदू मराठी' असली गोलमाल उत्तरं नकोत. जातीच्या दाखल्यावर आहे तेच नाव सांगा, आणि प्रगणकाने काय टिपलं ते वाचून बघा. बौद्धांनी धर्म बौद्ध सांगून अनुसूचित जातीचं नावही सांगावं. 1990 पासून तो हक्क कायद्यात आहे.

आईला हे फोनवर समजावलं. ती म्हणाली, ''जात सोडली म्हणून आयुष्यभर सांगितलंस, आता परत लिहू?'' मी म्हटलं, ''आपण सोडली गं, त्यांनी कुठं सोडलीय!''

नावाड्याला मी जात सांगितली होती. त्याने वल्हं उचललं आणि पुढे काही बोलला नाही. भाडं घेताना मात्र पैसे हातात घेतले नाहीत. फळीवर ठेवायला सांगितले.