खारेपाटांतील बांध आणि गांवची एकजूट

रायगड जिल्ह्यांतील अलिबाग व पेण तालुक्यांच्या खाडीकांठच्या मुलखास खारेपाट म्हणतात. तेथील भातशेतें उधाणाच्या पाण्यापेक्षां खालच्या पातळीवर आहेत, हें परगांवच्या वाचकांस सहसा खरें वाटत नाहीं. एक मातीचा बांध व त्यांतील उघाड्या, एवढ्याच आधारावर तीं पिकतात. ओहोटीच्या वेळीं पावसाचें पाणी उघाडीची झडप लोटून बाहेर पडतें; भरतीच्या वेळीं खाडीचें पाणी तीच झडप दाबून बंद करतें.

संकट म्हटलें म्हणजे आपणांस चक्रीवादळ आठवतें. ३ जून २०२० रोजीं अलिबागजवळ किनाऱ्यावर चढलेल्या ‘निसर्ग’ वादळास नांव होतें. त्याचे पंचनामे झाले. परंतु खारेपाटाचा नित्याचा वैरी उधाण होय, आणि तें अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येतच असतें. खेकड्यांनीं पोखरलेल्या जागीं लहानशी खांड पडते. ती त्याच ओहोटींत बुजविली तर काम थोड्या टोपल्यांचें. न बुजविली तर भरती दिवसांतून दोनदां आंत शिरते व परततांना तोंड रुंद करून जाते. शेतांत मुरलेलें मीठ धुऊन निघण्यास कांहीं पावसाळे जावे लागतात. खांड तशीच राहिली तर तेथें तिवरें उगवतात, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ सालच्या आदेशांमुळें तीं मनास येईल तशीं तोडतां येत नाहींत. ते आदेश आम्हांस योग्यच वाटतात, कारण बांधाबाहेरचीं तिवरेंच लाटांचा मार अडवितात. पण बांधाच्या आंत तीं माजलीं कीं शेत भातास अंतरलेंच.

म्हणजे सारा प्रश्न एका ओहोटीच्या आंतला आहे. पूर्वी या कामासाठीं ‘जोळ’ नांवाची पद्धति होती. बांधाच्या आंत ज्यांचीं शेतें, त्या सर्वांनीं मिळून बांध राखावयाचा. खांडीची हांक आली कीं निघावयाचें. पुढें १९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींचा कायदा केला व १९७९ सालीं महाराष्ट्रानें खारभूमि विकासाचा. सरकारी योजनांतील बाहेरकांठचे बांध खात्याकडे गेले, आणि गांव हळूहळू निश्चिंत झाला. सरकारनें हात घातला हें गैर नव्हे; मोठी खांड गांवच्या पैशानें बुजत नाहीं. परंतु अर्ज, अंदाजपत्रक, मंजुरी या वाटेनें येणारी माती त्या ओहोटीस सांपडावी कशी?

कोणी म्हणतील, तरुण मंडळी मुंबईस नोकरीला, आतां बांधावर येणार कोण? आक्षेप खोटा नाहीं. पण स्वतः येतां न येणाऱ्यानें मजुरी द्यावी, एवढा नियम शेतकऱ्यांच्या मंडळास करतां येईल. पैसा व यंत्रें सरकारचीं असोत. बांधावरची नजर व पहिली टोपली मात्र गांवचीच हवी. दुरुस्तीच्या निधीचा कांहीं भाग आगाऊ अशा मंडळाच्या हातीं ठेवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. हिशेब अर्थात् चोख मागावा.

बियाण्याचेंही तसेंच. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें खारटपणा सोसणारे ‘पनवेल-१’, ‘पनवेल-२’, ‘पनवेल-३’ असे भाताचे वाण काढले आहेत. गांवच्या सहकारी संस्थेनें अशा वाणांचें बीं मृगापूर्वीं कोठींत भरून ठेवावें. खारें पाणी येऊन गेल्यावर मागणी केली, तर बीं येईपर्यंत पेरणीचा वाफसा निघून गेलेला असतो.