स्टोकची वर्गणी, वालूरची बारव

इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट हे चिनी मातीच्या भांड्यांचे आणि कोळशाच्या खाणींचे शहर. ६ सप्टेंबर १९४२ रोजी तेथील हॅन्ली भागातल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये कामगारांची मोठी सभा भरली. महायुद्ध ऐन भरात होते, अन्न शिध्यावर मिळत होते आणि उद्याची खात्री कोणालाच नव्हती. तरीही सभेचा विषय होता हजारभर किलोमीटरवरचे एक चेक गाव : लिडिसे. क्लाडनोच्या खाणींत आणि पोलाद कारखान्यात राबणाऱ्यांचे हे गाव. हायड्रिख या नाझी अधिकाऱ्याच्या हत्येचा सूड म्हणून १० जूनला ते जाळले गेले. १७३ पुरुषांना गावातच गोळ्या घातल्या, बायकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवले आणि बहुतेक मुलांना विषारी वायूने मारले. घरे तर पाडलीच, पण नकाशावरून नावही पुसण्याचा हुकूम होता.

हॅन्लीतले डॉक्टर आणि नगरसेवक बार्नेट स्ट्रॉस यांनी त्याला ‘लिडिसे जगेल’ या मोहिमेने उत्तर दिले. खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी काढली आणि सुमारे ३२ हजार पौंड जमले. रकमेपेक्षा मोलाचे हे, की देणारे आणि घेणारे एकाच धंद्यातले होते. खाणीच्या अंधारात रोज उतरणाऱ्याला दुसऱ्या खाणकामगाराच्या घरी काय उरले असेल, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणून त्या पैशाला उपकाराचा वास आला नाही. युद्धानंतर छावण्यांतून १४३ बायका परतल्या, मुले मात्र अवघी सतरा. जुन्या जागेशेजारीच १९४७ पासून नवे लिडिसे उभे राहू लागले. १९५५ मध्ये तेथे गुलाबबाग फुलली, तिच्यामागेही स्ट्रॉसच होते.

हे मराठवाड्याच्या वाचकाला कशासाठी सांगायचे? शहराने गावाला मदत केल्याचा आपला अनुभव आठवून पाहावा, म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारी भूकंपाने हादरली. देशभरातून मदत धावून आली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी बाराशे मुलांना पुण्यात नेऊन शिकवले. शहराने खेड्याशी धरलेले नाते वर्षानुवर्षे कसे निभवावे, याचा हा वस्तुपाठ होता. पण गावे वसवताना काय झाले? बावन्न गावे नव्या जागी गेली. शहरी कॉलनीसारखे रुंद रस्ते आखले गेले, घरे एकमेकांपासून दूर गेली, शेत लांब पडले, गुरे बांधायची कुठे हा प्रश्न उरला. ‘दत्तक’ घेणाऱ्याचा फलक मात्र वेशीवर ठळक लागला. खासदारांनी दत्तक घ्यायची आदर्श ग्राम योजना २०१४ मध्ये आली, तिच्यातही घेणारा ठरवतो आणि गाव ऐकते. ज्याला दत्तक घेतले त्याला मत नसते, हे आपण गृहीतच धरून चाललो आहोत.

सेलू तालुक्यातले वालूर कोणी जाळले नाही, की भूकंपाने पाडले नाही. इथली झीज सावकाश होते : एक दुष्काळ, मग दुसरा, मग पुण्याची गाडी. पण या गावाने एक काम करून दाखवले आहे. इथल्या चक्राकार पायऱ्यांच्या बारवेत गाळ आणि कचरा साचला होता. गावकऱ्यांनी तो श्रमदानाने उपसला. रोहन काळे यांच्या ‘महाराष्ट्र बारव मोहिमे’ने राज्यभरातल्या बारवांची नोंद आणि बोलबाला केला, त्याचीही साथ मिळाली. आधी गाव उभे राहिले आणि मग बाहेरच्यांचे लक्ष गेले, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. छायाचित्रे काढायला येणाऱ्यांची आता कमतरता नाही. खरा प्रश्न पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा येणाऱ्या गाळाचा आहे.

तेव्हा पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि परभणी या महापालिकांनी वालूरसारख्या गावांशी थेट, लेखी आणि किमान दहा वर्षांचे करार करावेत, अशी आमची मागणी आहे. मराठवाड्यातल्या खेड्यांतून गेलेल्या माणसांच्या घामावर ही शहरे वाढली आहेत, त्यामुळे हा दानधर्म ठरत नाही. शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी बारवांचे मोजमाप करावे, दगडकामाचे जाणकार पाठवावेत, शहरात गेलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी द्यावी. काय दुरुस्त करायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे मात्र ग्रामसभा ठरवील. नाहीतर उत्साहाच्या भरात बारवेवर सिमेंट आणि ऑइलपेंट चढायला वेळ लागत नाही!

अशी नाती आपोआप टिकत नाहीत, हेही स्टोकनेच दाखवले. शीतयुद्धाच्या काळात लिडिसेशी असलेला धागा विरला. खुद्द स्टोकमधल्या पुढच्या पिढीला आपल्या आजोबांनी काय केले, हे ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये हॅन्लीत ‘अनअर्थ्ड’ हे शिल्प उभारले गेले. खाणकामगारांच्या बिल्ल्यांसारखे हजारो बिल्ले त्यावर आहेत. ही कहाणी पुढे सांगेन, असा शब्द ज्यांनी दिला त्यांची आद्याक्षरे त्यांवर कोरलेली आहेत. आपल्याकडे एवढे शिल्प नको. करारातला पैसा कुठे गेला याचा हिशेब दरवर्षी वालूरच्या ग्रामसभेत आणि महापालिकेच्या सभागृहात, दोन्हीकडे मोठ्याने वाचला जावा, आणि वाचणाऱ्याने त्या वर्षी बारवेतून किती गाळ निघाला, तेही सांगावे.