चार बाजू आणि एक कर्ण

घरातील मुले संगणकासाठी आज्ञावली लिहू लागली की वडील मंडळी ‘हा आमचा प्रांत नव्हे’ असे म्हणून बाजूस होतात. आमच्या मते हे योग्य नाही. संगणकाची भाषा न येणाऱ्या, परंतु भूमिती जाणणाऱ्या मनुष्याचा नवशिक्या मुलास किती उपयोग होतो, ह्याचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवितो.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर येडगावचे धरण आहे. त्या गावच्या एका विद्यार्थ्याने पायथन भाषेत एक आज्ञावली रचिली होती. शेताच्या चार बाजू सांगितल्या की संगणकाने क्षेत्रफळ द्यावे, एवढेच तिचे काम. घरी चुलत्यांमध्ये जमिनीच्या वाटणीची बोलणी चालू होती. सरकारी मोजणी होण्यापूर्वी अंदाज असावा, हा मुलाचा हेतू. त्याने ५० मीटरच्या चार बाजू घातल्या, तो उत्तर आले १५,६२५ चौरस मीटर! मुलगा रडकुंडीस आला.

अशा वेळी चूक आपण बोटाने दाखवू नये. आम्ही त्यास दोन गोष्टी करावयास सांगितल्या. प्रथम ५० मीटर बाजूच्या चौरसाचे उत्तर तोंडी काढावयाचे. ते २,५०० येते. नंतर संगणकाकडून केवळ शेवटचे उत्तर न घेता प्रत्येक पायरीची संख्या मागावयाची. पहिली पायरी अर्धपरिमितीची, म्हणजे चारी बाजूंच्या बेरजेच्या निम्म्याची. ती १०० यावयास हवी, आली १७५. “हे ७५ अधिक कोठून आले?” एवढेच आम्ही विचारिले. मुलगा क्षणभर विचारात पडला व म्हणाला, “गुरुजी, कंस राहिला!” बेरजेस कंस नसल्यामुळे संगणकाने रीतीप्रमाणे आधी भागाकार केला व एकटी चौथी बाजू निम्मी केली. कंस घालताच २,५०० आले.

बहुतेक जण येथे थांबतात. खरी अडचण मात्र पुढेच होती. शेताच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत टेप धरावयास आम्ही सांगितले. कर्ण भरला ६० मीटर. चौरसाचा कर्ण ७० मीटरांहून अधिक असता. तेव्हा शेत चौरस नव्हते. कर्णाने पडलेल्या दोन त्रिकोणांच्या बाजू ५०, ५० व ६०. प्रत्येकाचे क्षेत्रफळ १,२००, म्हणजे एकूण २,४००. फरक १०० चौरस मीटरांचा, जवळजवळ एक गुंठ्याचा. भावाभावांत वितुष्ट येण्यास एक गुंठा पुष्कळ होतो.

मुलाने घेतलेले सूत्र ब्रह्मगुप्ताच्या इ. स. ६२८ मधील ग्रंथातले. ते खोटे नाही. परंतु ज्या चौकोनाचे चारी कोपरे एकाच वर्तुळावर बसतात, त्यासच ते लागू पडते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त २५ बाजूंच्या समभुज चौकोनाचे उदाहरण दिले आहे. कर्ण ३० व ४० असता क्षेत्रफळ ६००, कर्ण १४ व ४८ असता ३३६, आणि चौरस असता ६२५. बाजू त्याच, क्षेत्रफळे तीन! कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यास आचार्य पिशाच म्हणतात, आणि उत्तर सांगणाऱ्यास त्याहूनही मोठे पिशाच. मुलाची आज्ञावली अशीच उत्तर सांगणारी होती. प्रश्न अपुरा आहे, हे कळण्याची सोय तिच्यात नव्हती. आता ती कर्णही मागते, आणि दोन त्रिकोण करून बेरीज देते.

सारांश, मुलाच्या शेजारी बसून वडिलांनी तीन प्रश्न विचारावे. हाताने काढलेल्या उत्तराशी हे उत्तर जुळते काय? प्रत्येक पायरी पाहिलीस काय? हे सूत्र ह्या आकृतीस लागू आहे काय? संगणकाची भाषा मुले शिकतातच. हे प्रश्न विचारण्याची सवय मात्र घरातूनच लागावयास हवी.