रूम पार्टनर व्हाया दार-ए-सलाम

पुण्यात तीन जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधला एक जण बंगलोरला जॉब लागून निघून गेला, की उरलेल्या दोघांचं महिन्याचं गणित पार कोलमडतं. गेल्या जुलैमध्ये आमचंही कोलमडलं. तेव्हा ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "माझ्या भावाच्या वर्गात एक मुलगा आलाय, टांझानियाचा. रूम शोधतोय. चार ठिकाणी नाही म्हणालेत त्याला. चालेल का?"

चालेल की! भाडं वाटून घेणारा हवा होता, पासपोर्ट कुठला का असेना. मुलगा आला. दार-ए-सलामचा, उंच, अबोल. हातात एक भली मोठी बॅग आणि पायात चकाचक लेदरचे शूज. भर पावसाळ्यात! तिथेच कळलं, ह्याला कुणीतरी चार गोष्टी सांगायला हव्यात.

शिक्षणासाठी पुण्यात येणारे परदेशी विद्यार्थी काही नवे नाहीत. तुमच्याही फ्लॅटमध्ये, सोसायटीत नाहीतर ओळखीत असा कुणी येईलच. त्याच्यासाठी, आणि खरं तर तुमच्यासाठीच, हे छोटंसं गाइड.

चौदा दिवसांचं घड्याळ

स्टुडंट व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. २०१८ पासून हे काम ऑनलाइन होतं, त्यामुळे रांगेचा ताप नाही. पण त्यात राहण्याच्या पत्त्याचा पुरावा मागतात. आता गंमत बघा. घर मिळालं नाही तर पुरावा नाही, पुरावा नाही तर नोंदणी नाही. आमच्याकडे आला तेव्हा ह्याचे आठ दिवस संपले होते.

आधीच्या चार ठिकाणी काय झालं, ते त्याने नंतर सांगितलं. फोनवर सगळे हो म्हणायचे. दारात उभा राहिला की फ्लॅट 'कालच गेला' असायचा. एका ठिकाणी तर आतून टीव्हीचा आवाज येत होता, दार मात्र उघडलंच नाही. हे सांगताना तो हसत होता. आम्हाला काही हसू आलं नाही.

टिप : अशा मित्रासाठी घर शोधताना फोनवरच देश सांगून टाका, आणि घर बघायला तुम्ही स्वतः सोबत जा. नकार मिळायचाच असेल तर तो त्याच्या आधी तुम्हाला मिळू दे. आमच्या घरमालक काकूंचा प्रश्न एकच होता, "पोलिसांचं काही लफडं होणार नाही ना?" त्याचं उत्तर पुढे आहे.

'पाहुणा आहे' म्हणू नका

बऱ्याच फ्लॅटमध्ये चौथा पार्टनर कागदावर नसतोच. सोसायटीत कुणी विचारलं तर तो 'पाहुणा' असतो. आपल्यातुपल्यात हे खपून जातं, परदेशी मुलाच्या बाबतीत मात्र हा शॉर्टकट अजिबात नको. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. त्या करारात त्याचं नाव घालून घ्या. शिवाय परदेशी माणसाला ज्याने राहायला जागा दिली, त्याने त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवायची असते. काकूंना हा फॉर्म लॅपटॉपवर भरून दाखवला. "एवढंच?" म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला. नोंदणी झाली तेव्हा बारावा दिवस चालू होता.

पैसे, फोन आणि काम

सिमकार्डसाठी पासपोर्ट आणि व्हिसा लागतो. बँकेत परदेशी विद्यार्थ्याला एनआरओ खातं उघडता येतं. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा, अॅडमिशनचं पत्र आणि पत्ता तयार ठेवायचा. यूपीआय सुरू होईपर्यंत त्याच्या खिशात सुट्टे पैसे असू द्या, म्हणजे वडापावच्या गाडीवर पंचाईत होणार नाही. आणि हो, स्टुडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही. 'आमच्या कंपनीत पार्टटाइम ये' असली ऑफर उत्साहाच्या भरात देऊ नका. अडचणीत तो येईल, तुम्ही नाही.

पाऊस आणि पाणी

तुम्हाला वाटेल, आफ्रिकेतून आलाय, उष्ण हवेचं ह्याला काय कौतुक? बरोबर आहे, उकाड्याचं त्याला काहीच नव्हतं. पण त्यांच्याकडचा मोठा पाऊस मार्च ते मे. जुलै म्हणजे कोरडा, छान गार महिना. इथे आठवडाभर कपडेच वाळेनात, आणि त्या लेदरच्या शूजवर पाचव्या दिवशी हिरवी बुरशी! आम्ही त्याला फ्लोटर्स घ्यायला लावले. पाणी उकळून प्यायचं, साचलेल्या पाण्यातून चालणं टाळायचं आणि ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून अंगावर काढायचा नाही. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो सगळे ह्याच दिवसांतले. पाण्यातून चालून आला असाल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं.

पावसाळ्यातला आणखी एक नेहमीचा पाहुणा म्हणजे कावीळ. पुण्याच्या इतिहासात तिला वेगळंच स्थान आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे आणि होस्टेलचे रेक्टरही होते. एक मुलगी होस्टेलच्या खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, मुलगा मॉरिशसचा आहे, त्याला कावीळ झालीय आणि ती त्याच्यासाठी जेवण घेऊन येते. परक्या शहरात आजारी पडलेल्या मुलाचं कुणीच नसतं, हे त्यांच्या मनाला लागलं. त्यातूनच १९७१ मध्ये 'सिंबायोसिस' सुरू झाली. आज आपण तिला एमबीएसाठी ओळखतो. सुरुवात झाली ती एका डब्यापासून!

आता कोलाड

कागदपत्रं झाली, सिम आलं, फ्लोटर्स आले. तरी तिसऱ्या आठवड्यात आमचा पार्टनर जेवेनासा झाला. मेसमधली पोळी-भाजी चिवडायचा आणि 'भूक नाही' म्हणून उठायचा. त्याच्या घरून व्हिडिओ कॉल आला की मात्र 'सगळं मस्त' म्हणायचा. हे आपल्यालाही चांगलं ठाऊक आहे की नाही?

ह्यावर माझ्याकडे एकच औषध होतं. शुक्रवारी ऑफिसातून लवकर सटकलो आणि ताम्हिणी घाट उतरून त्याला घरी घेऊन गेलो. कोलाडला.

कोलाड म्हणजे तुमच्या लेखी राफ्टिंग. मुळशीचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, वीज करून कुंडलिकेत सोडलं जातं आणि त्या पाण्यावर तुमचे राफ्ट चालतात. म्हणजे पुण्याकडचं पाणीसुद्धा घाट उतरून आमच्याकडे येतं, मग पार्टनरला आणलं तर काय बिघडलं? फक्त एक लक्षात ठेवा. पात्र शांत दिसलं तरी नदीत आपल्या मनाने उतरू नका. पाणी सोडलं की ते बघता बघता चढतं. राफ्टिंग करायचं ते लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि गाइड सोबत असेल तरच.

घरी पोचल्यावर पहिलं काम फॉर्मचं. दोन रात्री राहणार असला तरी माहिती कळवायचीच. बाबा वैतागले, "अरे, पाहुण्याचा कसला फॉर्म?" पण भरायला तेच बसले. त्याच्या गावाचं स्पेलिंग त्याला तीनदा विचारलं. मग त्यांची दोस्तीच झाली.

आई वेगळ्याच टेन्शनमध्ये होती. जुलै महिना, मासेमारी बंद, घरात ताजी मासळी नाही. सुकट होती, पण 'त्या पोराला वास सहन होईल का' म्हणून तिने डबा फडताळात मागे सरकवून ठेवला होता. माझ्यासाठी म्हणून थोडीशी तव्यावर टाकली, तर पार्टनर नाक वर करून स्वयंपाकघराच्या दारात हजर! "डागा?" म्हणाला. त्यांच्याकडे वाळवलेल्या बारीक मासळीला डागा म्हणतात. त्याच्या आईच्या घरी हाच वास येतो म्हणे. त्या रात्री त्याने तांदळाच्या चार भाकऱ्या खाल्ल्या. मोजल्या आईने.

मग ओट्यापाशीच शब्दांची भेंडी रंगली. त्यांच्या स्वाहिलीत चहाला चाय, चपातीला चपाती, गाडीला गारी, दुकानाला दुका. नारळाच्या रसात भात ते शिजवतात, आपणही शिजवतो. आमचा पाऊस घेऊन येणारं वारंही आधी त्यांच्याच किनाऱ्यावरून उत्तरेकडे जातं. त्याला ते कुसी म्हणतात. शेकडो वर्षं गलबतं असल्या मोसमी वाऱ्यांवरच ये-जा करत होती. आपण मात्र त्याला विचारत होतो, 'तुमच्याकडे सिंह रस्त्यावर फिरतात का रे?'

टिप : असले प्रश्न विचारू नका. परवानगीशिवाय केसांना हात लावू नका. सेल्फीसाठी खांद्यावर हात टाकण्याआधी त्याचं नाव तरी विचारा. माझ्या चुलतभावंडांनी ह्यातलं सगळं केलं, म्हणून सांगतोय.

रविवारी निघताना आईने डब्यात सुकट भरून दिली. रात्री त्याचा घरी व्हिडिओ कॉल झाला. स्वाहिलीतलं मला काही कळलं नाही, पण मध्येच त्याने डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरला आणि पलीकडून कुणीतरी मोठ्याने हसलं.

तेव्हा मंडळी, नोंदणी, करार, खातं हे सगळं वेळेवर कराच. पण वीकेंडला त्याला एकदा घरी जेवायला न्या. घर सदाशिव पेठेत असो, नाहीतर कोलाडला.

थंडीत आमच्याकडे पोपटी लागते. भांबुर्ड्याचा पाला घातलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन आणि भोवती जाळ. पार्टनरने आत्तापासून जानेवारीतला शनिवार पक्का करून ठेवलाय. आणि बाबांनी बजावलंय, फॉर्म तेच भरणार. स्पेलिंग आता पाठ आहे त्यांना!